अडीच मिलीमीटरचा लोचा

पगार झाला की काहीजण मोबाइल बदलतात, काहीजण सायकलचे पार्ट्स. माझा एक कलीग दुसऱ्या कॅटेगरीतला. त्याने रिम ब्रेकवाली रोड बाइक विकून डिस्क ब्रेकवाली नवी फ्रेम आणली. जुना क्रँकसेट मात्र ठेवला. चकाचक होता, बॉटम ब्रॅकेटमध्ये झक्कास बसलाही. काम फत्ते!

रविवारी पहाटे आम्ही खडकवासल्याकडे निघालो आणि खर्र... खर्र... सुरू. पुढे छोटी चेनरिंग, मागे सगळ्यात छोटी चाकं, की चेन पुढच्या मोठ्या रिंगला घासणारच. गिअर तीनदा सेट केले, आवाज तसाच. ‘अरे, पण क्रँकसेट नीट बसलाय ना!’ तो वैतागला.

बॉस, बसणं वेगळं आणि जमणं वेगळं. (लग्नाळू मित्रांना हे सांगायला नकोच!)

फंडा सिंपल आहे. रिम ब्रेकच्या रोड बाइकचं मागचं हब साधारण १३० मिलीमीटर रुंद. डिस्कला जागा हवी म्हणून ते १३५ झालं. वाढलेली रुंदी दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते, म्हणजे कॅसेट अडीच मिलीमीटर बाहेर सरकते. क्रँकसेट मात्र जागच्या जागी. मग चेन तिरकी धावते आणि मागचा चिमटा आखूड असेल तर आणखी तिरकी.

मग हल्लीचं १४२ वालं थ्रू-अ‍ॅक्सल? घाबरू नका. जास्तीचे ७ मिलीमीटर दोन्ही बाजूंच्या खाचांत जातात. कॅसेट १३५ मध्ये असते तिथेच राहते. त्यामुळे १३५ ला चालणारा क्रँकसेट १४२ लाही चालतो. माउंटन बाइकचं १४८ वालं ‘बूस्ट’ हब मात्र वेगळं प्रकरण. त्यात कॅसेट आणखी ३ मिलीमीटर बाहेर जाते. रोडचा क्रँकसेट तिथे नकोच.

यावर कंपन्यांनी तोडगा काढलाय. शिमानोने २०१९ मध्ये आणलेल्या ‘जीआरएक्स’मध्ये चेनरिंग्ज अडीच मिलीमीटर बाहेर आहेत. स्रॅमच्या ‘वाइड’ क्रँकसेटमध्येही तोच हिशोब. पण जीआरएक्सचा क्रँकसेट घेतला की पुढचा डिरेल्युअरही त्याचाच लागतो. शिवाय रिंग्ज छोट्या, ४८-३१ किंवा ४६-३०. ५०-३४ वाल्यांना उतारावर टॉप स्पीड कमी वाटेल. आणि हा सेट जुन्या १३० च्या फ्रेमवर लावलात तर उलटा लोचा: पुढे मोठी, मागे मोठी केलं की चेन तिरकी!

म्हणून खरेदीआधी दोन आकडे बघा. मागच्या चिमट्याचं आतलं माप आणि क्रँकसेटची चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून दोन रिंग्जच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुकानदार ‘बसेल’ म्हणेल. तुम्ही ‘जमेल का?’ हे विचारा.

आणि माझा कलीग? नवा क्रँकसेट घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, ‘खर्र वाजलं की पुढची मोठी रिंग टाक, मागे काही गिअर सोपे कर. पाय तेवढेच फिरतील, चेन सरळ राहील.’

खर्च शून्य. वाचलेल्या पैशांतून त्या रविवारची कांदाभजी त्याच्याकडून!