समोरच्यालाही दिसले पाहिजे

घरातले लहानसहान दुरुस्तीचे काम शक्य असेल तर आपल्या हाताने करावे, असा या सदराचा नेहमीचा आग्रह असतो. नळाचा वॉशर, मिक्सरचा कार्बन, सायकलचे पंक्चर यांच्या पंक्तीत या वेळी आम्ही मोटारीचा हेडलाइट घेतला आहे. नुसता बल्ब नव्हे, तर पुढची काच, आतला चकचकीत रिफ्लेक्टर आणि मागची प्लास्टिकची पेटी असा अख्खा दिवा. काम अवघड नाही. सुटीच्या दिवशी दोघांनी मिळून सकाळी सुरू केले, तर जुहरच्या आत आटोपते. मात्र या कामाचा शेवटचा भाग पुष्कळ ठिकाणी राहून जातो. तो राहिला तर आपल्याला रस्ता छान दिसतो आणि समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. हा लेख मुख्यतः त्या शेवटच्या भागासाठी आहे.

आमच्या कारेगावात दिव्यांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. गावाच्या अंगालाच रांजणगावची एमआयडीसी आहे. तिथल्या फियाटच्या कारखान्यात टाटा नेक्सॉन आणि जीप कंपास तयार होतात. रात्रीची पाळी सुटते तेव्हा नगर रोडवर कंपन्यांच्या बस, मोटारसायकली आणि रस्त्याच्या कडेने खोलीकडे चालत निघालेले कामगार, सगळे एकाच वेळी असतात. उसाचा हंगाम सुरू झाला की त्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. काहींच्या मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. अशा रस्त्यावर दोन सेकंद डोळे दिपले तर काय होते, याचा हिशेब शाळेतला मुलगाही करील. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. तेवढे अंतर चालकाने आंधळेपणाने कापलेले असते.

आता मूळ कामाकडे येऊ. पहिला प्रश्न, अख्खा दिवा बदलायची गरज आहे का? हल्लीच्या दिव्याची ‘काच’ म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते वरून पिवळे आणि धुरकट होते. दोष एवढाच असेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासणे आणि वर पॉलिश लावणे पुरते. दिवा बदलण्याचा खर्च नको. पावसाळ्यात आत थोडी वाफ धरली आणि दिवा लावल्यावर ती निघून गेली, तर तेही चालते. परंतु काच तडकली असेल, आत पाणी साचत असेल, दिवा धरून ठेवणारे प्लास्टिकचे कान मोडले असतील किंवा रिफ्लेक्टरची चंदेरी उडाली असेल, तर बदलण्यावाचून इलाज नाही. रिफ्लेक्टर काळा पडला की नवा बल्ब घालूनही उजेड पडत नाही.

आमच्या धाकट्या भावाच्या जुन्या गाडीला नेमके हेच झाले होते. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा उजव्या दिव्यावर बसला. तडा बारीकच होता, पण दोन पावसांत आत पाणी गेले आणि रिफ्लेक्टरवर डाग पडले. भाऊ, आम्ही आणि नववीत शिकणारी आमची मुलगी असे तिघे अंगणात कामाला लागलो. क्रम असा ठेवला:

पार्ट घेताना गाडीचे मॉडेल आणि साल दुकानदाराला सांगावे; आरसी सोबत नेली तर उत्तम. एकाच नावाच्या गाडीचे दिवे मॉडेल बदलले की बदलतात. खोक्यावर एल.एच. किंवा आर.एच. लिहिलेले असते. ही डावी-उजवी बाजू चालकाच्या जागेवर बसून धरायची, गाडीसमोर उभे राहून नव्हे. घरी आणल्यावर जुना आणि नवा दिवा शेजारी ठेवून मागचे कपलर आणि बोल्टची भोके जुळतात का ते पाहावे. डुप्लिकेट पार्टची फसवणूक इथेच कळते.

इंजिन आणि दिवे बंद करून, दिवा थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. काही गाड्यांत बॉनेट उघडताच दिव्याचे बोल्ट दिसतात. बऱ्याच गाड्यांत पुढचा बंपर सैल करावा किंवा काढावा लागतो. बहुतेक काम दहा नंबरचा पाना आणि फुलीचा स्क्रूड्रायव्हर यांवर भागते. बंपर एकट्याने ओढू नये. एकाने एक टोक, दुसऱ्याने दुसरे धरावे. फॉगलॅम्पची तार असेल तर ती आधी सोडावी. जुन्या गाडीच्या प्लास्टिक क्लिपा कडक झालेल्या असतात, त्यातल्या दोन-चार तुटणारच. नव्या क्लिपा आधीच आणून ठेवलेल्या बऱ्या. आमच्या मुलीने प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि बोल्ट तीन वाट्यांत वेगवेगळे ठेवले: बंपरचे, दिव्याचे, जाळीचे. परत जोडताना त्या तीन वाट्यांनी निम्मा वेळ वाचवला.

दिव्याचे बोल्ट काढले की तो पुढे सरकतो. कपलर काढताना तार ओढायची नाही. कपलरची जीभ दाबून तो सोडवायचा. जुना बल्ब चांगला असेल तर तोच नव्या दिव्यात घालता येतो. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहते, बल्ब तापला की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून घ्यावा. मागचे रबरी झाकण नीट बसले पाहिजे, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा पाणी आत. बंपर बसवण्याआधी बॅटरी जोडून पार्किंग, डिपर, अप्पर आणि इंडिकेटर एकेक लावून पाहावे.

काही कामे घरी करू नयेत, हेही सांगितले पाहिजे. झेनॉनच्या दिव्यांत सुरू होताना हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. त्यांना हात लावू नये. कॅमेऱ्यावर किंवा सेन्सरवर चालणारे, वळणाबरोबर वळणारे दिवे बदलल्यावर संगणकावर जुळवावे लागतात. ते काम वर्कशॉपचे. साध्या हॅलोजनच्या गाडीला मात्र घरचे हात पुरेसे आहेत.

इथवर आले की लोक हात धुतात. दिवा लागला, काम झाले! खरे काम अजून उरलेले असते. मिस्त्रींच्या भाषेत त्याला फोकस सेट करणे म्हणतात.

अंतर्वक्र आरशाच्या नाभीपाशी दिवा ठेवला तर किरण परावर्तित होऊन समांतर जातात, हे आम्ही वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. अप्परचा उजेड लांब जातो तो याच तत्त्वाने. नेहमीच्या एच-४ बल्बात दोन तारा असतात, ६० वॉटची अप्परची आणि ५५ वॉटची डिपरची. डिपरची तार नाभीच्या थोडी पुढे असते आणि तिच्याखाली एक लहानशी धातूची वाटी असते. त्यामुळे प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. या मोजमापाने बनवलेल्या आरशाचा कोन नवा दिवा बसवताना थोडा जरी बदलला, तर सगळा हिशेब चुकतो.

किती थोडा? समजा, दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे आणि झोताची वरची कड एक टक्का खाली झुकलेली आहे. म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर. मग ती कड ६५ मीटरवर जमिनीला टेकते. रस्ता दिसतो, कोणाच्या डोळ्यांना त्रास नाही. आता तोच झोत एक टक्का वर गेला असे धरा. ५० मीटरवर त्याची उंची ११५ सेंटिमीटर होते. समोरच्या कारमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे जवळपास याच उंचीवर असतात. दोन्ही स्थितींत फरक जेमतेम एका अंशाचा आहे. स्क्रूचे थोडे फेरे इकडे-तिकडे झाले की तेवढा पडतो.

हे घरी तपासता येते. टायरची हवा बरोबर करावी, डिकीतले जड सामान काढावे, चालकाच्या जागेवर एकाने बसावे. डॅशबोर्डवर दिवे खाली-वर करायचे बटण असेल तर ते शून्यावर ठेवावे. सपाट जागेवर गाडी भिंतीला भिडवून दोन्ही दिव्यांच्या मधल्या बिंदूंची उंची भिंतीवर टेपने आखावी. मग गाडी सरळ मागे ५ मीटर घ्यावी आणि अंधारात डिपर लावावा. एका वेळी एकच दिवा पाहावा, दुसऱ्यापुढे पुठ्ठा धरावा. उजेडाची वरची कड आखलेल्या रेषेच्या सुमारे ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. काही गाड्यांच्या दिव्यावर हा टक्का छापलेला असतो, तो असेल तर तोच पाळावा. कड वर असेल तर दिव्याच्या मागचा उभ्या दिशेचा स्क्रू हळूहळू फिरवून ती खाली आणावी. आमच्याकडे स्क्रू भावाने फिरवला आणि भिंतीजवळ पट्टी घेऊन मुलगी उभी राहिली. नवा दिवा रेषेच्या वर चांगला चार बोटे मारत होता. नुसता दिवा लागतो एवढेच पाहून गाडी बाहेर काढली असती, तर तो तसाच नगर रोडला लागला असता.

भिंतीवर आणखी एक गोष्ट दिसते. ही कड उजव्या बाजूला सपाट असते आणि डाव्या बाजूला चढत जाते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावीकडची पायवाट, चालणारी माणसे, सायकलवाले यांच्यावर उजेड जास्त आणि उजवीकडून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर कमी, अशी ती रचना. दुबई, सौदी, कतार, कुवेत इथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे तिथल्या दिव्यांची रचना उलटी असते. आपल्या घरांतले कुणी ना कुणी आखाती देशांत असतेच. ‘मामू, येताना गाडीचे लाइट घेऊन या, तिथे स्वस्त मिळतात,’ असा निरोप जातो. तो दिवा इथे बसतोही, पण त्याची चढती बाजू थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाते आणि डावीकडचा चालणारा माणूस अंधारात राहतो. मामूंना खजूर आणायला सांगावे, हेडलाइट नको.

दुसरा मोह पांढऱ्या प्रकाशाचा. आमच्या ओळखीचा एक मिस्त्री आम्हाला म्हणाला, ‘‘सर, एलईडीचा किट टाका. दिवसासारखं दिसंल.’’ आम्ही विचारले, ‘‘आणि समोरच्याला?’’ तो हसून म्हणाला, ‘‘तो पण टाकील की!’’ सगळा प्रश्न या उत्तरात आहे. हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेल्या आरशात एलईडीचा तुकडा बसवला की प्रकाश नाभीच्या हिशेबाने पडत नाही, चहूकडे फाकतो. कारखान्यातून एलईडीसह आलेल्या दिव्याची गोष्ट वेगळी. त्याचा आरसा किंवा भिंग त्याच्यासाठीच केलेले असते. ९० किंवा १०० वॉटचे हॅलोजन बल्ब घालणारेही आहेत. त्यांनी होल्डर वितळतो आणि वायरिंग तापते, ते नुकसान निराळे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १०६ वा नियम याविषयी स्पष्ट आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवणार नाही इतका झोत खाली झुकलेला असावा. नियमात दिव्याचे मोजमाप समोरच्या माणसाच्या डोळ्यांवरून ठरवले आहे, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आपल्या घरांत हुकूकुल इबाद हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. उधारी, वाटणी, शेजार यांच्यापुरता तो आपण ठेवतो. अंधाऱ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचाही आपल्यावर हक्क आहे. त्याचे नाव आपल्याला कधी कळणार नाही आणि तो तक्रार करायलाही येणार नाही.

त्यातही वयस्कर माणसांचा विचार करा. पन्नाशी-साठीनंतर दिपलेले डोळे सावरायला जास्त वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर प्रकाश डोळ्यांतच फाकतो आणि समोर नुसता पांढरा पडदा येतो. मगरिबनंतर बाजारातून स्कूटरवर परतणारे कुणाचे तरी अब्बा त्या पांढऱ्या पडद्यातून चाललेले असतात.

म्हणून नवा दिवा बसवला की हे तीन करा. भिंतीवर कड तपासा. मागच्या सीटवर माणसे आणि डिकीत सामान भरून लग्नाला निघाला असाल तर पुढचा भाग उचलला जातो, तेव्हा बटण फिरवून दिवे खाली घ्या. आणि समोरून कोणी आले की अप्परवरून डिपरवर या, त्याने केले नाही तरी. हेडलाइट घरी बदलल्याने गॅरेजची मजुरी वाचेल ती वाचेल. पण ज्या मुलीने भिंतीजवळ पट्टी घेऊन कड मोजली, ती उद्या स्वतः गाडी चालवील तेव्हा डिपर द्यायला विसरणार नाही, इन्शाअल्लाह.