जुन्या गाडीचे गिऱ्हाईक

ऑगस्ट 2019मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा 31.57 टक्क्यांनी घसरली. वाहन उत्पादकांची संघटना 1997-98पासून आकडे ठेवते. तेव्हापासूनची ती सर्वांत मोठी घसरण होती. सप्टेंबर 2018मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था कोसळल्यावर वित्त कंपन्यांनी कर्जाचा हात आखडता घेतला होता. त्यात एप्रिल 2020पासून प्रदूषणाचे बीएस-6 हे नवे निकष येणार होते. 2018-19मध्ये सुमारे 33.8 लाख प्रवासी वाहने विकली गेली होती, 2019-20मध्ये 27.7 लाखांच्या आसपास. मुंबईत अंधेरी-बोरिवलीच्या आणि घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यातल्या ॲक्सेसरीजवाल्यांनी तो काळ पाहिला आहे. बाजार थंडावला की कोणता माल भरायचा, याचे उत्तर त्याच काळात आहे.

विक्री घटली म्हणजे नव्या गाड्या कमी आल्या. रस्त्यावरच्या गाड्या कुठे गेल्या नाहीत. उलट ज्याने यंदा गाडी बदलली असती, तो आहे तीच आणखी दोन वर्षे चालवतो. नव्या गाडीच्या ॲक्सेसरीज तर बऱ्याचदा शोरूमच बिलात घालून देते. आपले हक्काचे गिऱ्हाईक दोन प्रकारचे: जुन्या गाडीचा मालक आणि सेकंडहँड गाडी घेणारा. पहिल्याला झिजलेले बदलायचे असते. दुसऱ्याला आधीच्या मालकाच्या खुणा पुसायच्या असतात, म्हणून तो सीट कव्हर, मॅट, स्टिअरिंग कव्हर मागतो, जुन्या स्टिरिओच्या जागी ब्लूटूथवाला मागतो. मालाची यादी या दोघांना समोर ठेवून करावी.

रिव्हर्स सेन्सरचे पाहा. 1 जुलै 2019पासून नव्या मोटारींना हे सेन्सर कारखान्यातूनच बसवणे सक्तीचे झाले. नव्या गाडीपुरता तो माल तिथे संपला. पण त्याआधीच्या गाड्या सोसायटीच्या चिंचोळ्या आवारात रोज मागे घेतल्या जातातच. त्यांच्यासाठी सेन्सर-कॅमेऱ्याचे मोजके सेट ठेवण्यात अर्थ आहे. शिवाय त्याला फिटर लागतो. ऑनलाइन भाव दाखवणारे गिऱ्हाईकही वायर ओढायला दुकानातच येते, आणि मजुरीत माल अडकून पडत नाही.

आता नफ्याचा हिशेब. एका नगावर किती सुटतात, एवढेच पाहून माल भरण्याची सवय मंदीत फार महाग पडते. धरून चाला, 50,000 रुपयांचे टचस्क्रीन स्टिरिओ भरले, खरेदीवर 30 टक्के सुटले आणि माल वर्षातून दोनदा फिरला. हाती आले 30,000. तेवढ्याच पैशांचे वायपर ब्लेड, बल्ब, मोबाइल होल्डर आणि मॅट भरले. त्यावर 20 टक्केच सुटले, पण माल सहा वेळा फिरला. हाती आले 60,000. आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या वहीतले घालून प्रत्येक वस्तूचा असा हिशेब जरूर मांडा. स्टिरिओचे नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव पडतो, तो तोटा यात धरलेलाही नाही.

सगळ्या गाड्यांना चालणारा माल आणि एकाच मॉडेलला बसणारा माल यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. डेड स्टॉक बहुतेक दुसऱ्या कप्प्यात साठतो. बंद पडलेल्या मॉडेलची डोअर व्हायझर आणि तयार सीट कव्हरे ही त्याची नेहमीची उदाहरणे. इथे उपनगरातल्या दुकानदाराकडे मोठी सोय आहे. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसचा बाजार इतका जवळ असताना मॉडेलचा माल आपल्या भाड्याच्या जागेत कशाला साठवायचा? कापडाचे नमुने आणि एखादा नग दाखवायला ठेवा, आगाऊ रक्कम घ्या, मग माल उचला. सीट कव्हर सांगताना गाडीच्या सीटमध्ये साइड एअरबॅग आहे का, हे मात्र आधी बघा. एअरबॅगच्या वाटेत येणारे कव्हर विकणे गिऱ्हाईकाच्या जिवाशी खेळणे आहे.

कायद्याच्या कडेवरचा माल मंदीत मोह घालतो. 27 एप्रिल 2012च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काचेवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आली, डिसेंबर 2017मध्ये केंद्राने क्रॅश गार्डवर कारवाईचे आदेश दिले. ज्यांचे पैसे अशा मालात होते, त्यांचे एका आदेशाने अडकले. सीट बेल्टचा अलार्म बंद करणाऱ्या क्लिपा तर दुकानात असूच नयेत. मे 2023मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या ऑनलाइन विक्रीतून काढायला लावल्या. त्यापायी माणसे मरू शकतात, आणि नफा किती तर चहापाण्याचा.

राहिला पावसाळा. मंदी असो-नसो, जूनमध्ये वायपर, रबरी मॅट, मड फ्लॅप आणि बॉडी कव्हर मागितले जातेच, कारण उपनगरातल्या कितीतरी गाड्या उघड्यावर उभ्या असतात. हा माल मेच्या मध्यापर्यंत दुकानात हवा आणि ऑगस्टअखेर संपलेला हवा. त्यासाठी उचल दोन हप्त्यांत करा, आणि सीलबंद माल परत घेण्याचे होलसेलरकडून बिलावरच लिहून घ्या. बाजार थंड असतो तेव्हा त्यालाही माल हलवायचा असतो, त्यामुळे अशी अट मान्य करून घ्यायची हीच वेळ.