रूढी मोठी की नीती?

'ज्याची त्याची नीती', 'काळ बदलला, मूल्ये बदलली' ही वाक्ये आज सुशिक्षितांच्या तोंडी सुभाषितांसारखी रुळली आहेत. दुसऱ्याच्या आचारविचारांना नावे ठेवू नयेत, हा त्यांमागील हेतू चांगला आहे. परंतु हे तत्त्व दुबळ्याच्या पदरात अखेर काय टाकते, हे पाहण्यास चिंचवडकराला फार दूर जावयास नको. शेजारच्या पिंपरीतील भाटनगराकडे पाहावे.

नववधूच्या कौमार्याची परीक्षा घ्यायची आणि तिचा निकाल जातपंचायतीपुढे जाहीर करायचा, ही कंजारभाट समाजात चालत आलेली प्रथा. त्याच समाजातील काही तरुण-तरुणी तिच्याविरुद्ध उभे राहिले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्यापैकी काही तरुणांना भाटनगरात मारहाण झाली. प्रथेच्या बाजूने परंपरेचा दाखला देण्यात आला.

नीती समाजसापेक्ष मानणाऱ्याने येथे कोणाची बाजू घ्यावी? समाजाचा कौल हाच निकष असेल, तर पंच नीतिमान ठरतात आणि मार खाणारी मुले अनीतिमान! याच समाजासह कित्येक जमातींवर इंग्रज सरकारच्या १८७१ च्या कायद्याच्या परंपरेतून जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो १९५२ साली पुसला गेला. तो शिक्का 'त्या काळापुरता योग्य' होता काय? नसेल, तर काळ आणि कौल यांच्या वर काहीतरी आहे, हे मान्य करावेच लागेल.

आम्ही ख्रिस्ती त्याला परमेश्वराची आज्ञा म्हणतो. प्रत्येक मनुष्य त्याच्या प्रतिमेत घडला आहे. म्हणून कोणाचीही विटंबना कोठेही, कधीही क्षम्य नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३ च्या 'व्हेरितातिस स्प्लेंडोर' या विश्वपत्रात हेच प्रतिपादन केले: ज्या नियमांना अपवाद नाही, त्यांच्यापुढे राजा आणि रंक समान ठरतात. अपवाद नेहमी बलवानाच्याच सोयीचा असतो.

निरपेक्ष नीती माणसाला कठोर करते, असा आक्षेप घेतला जातो. योहानकृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय वाचावा. हाती दगड घेतलेल्यांच्या बाजूला रूढी होती, बहुमतही होते. त्यांनी स्त्रीला पकडून आणले. पुरुषाला आणले नाही. भाटनगरातही वराची परीक्षा कोण घेतो? प्रभू येशूने पापाला पुण्य म्हटले नाही. तरीही ती स्त्री जिवंत परतली. सत्य आणि करुणा यांचे वैर नाही, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आता हीच मोजपट्टी स्वतःला लावू या. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारणारी आपली कुटुंबे सोयरीक जुळवताना पूर्वजांची जात विचारतात आणि 'आपल्यात असेच चालते' असे सांगतात. हा युक्तिवाद पंचांचाच आहे. तो त्यांच्या तोंडी आपल्याला खटकत असेल, तर आपल्या घरात त्याला थारा देण्याचा आपल्याला काय अधिकार?