उबदार आवाजाचं थोतांड

गेल्या पावसाळ्यात बंगळूरमधल्या एका परिचितांनी जेवायला बोलावलं होतं. नावाला जेवण, खरं आमंत्रण फिशर 500-सी ऐकण्याचं. 1960च्या दशकातला हा अमेरिकन स्टिरिओ रिसीव्हर व्हॉल्व्हवर चालतो. यजमानांनी तो बरेच पैसे मोजून मिळवला होता आणि 117 व्होल्टच्या त्या पाहुण्याला आपल्या 230 व्होल्टपासून वाचवायला शेजारी एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर बसवला होता. दिवे मंद झाले, डायलच्या काचेमागे पिवळसर उजेड पसरला आणि आकाशवाणीच्या एफएमवर सतार सुरू झाली. यजमानांनी डोळे मिटले. “ऐका, ही ऊब ऐका. ट्रान्झिस्टरला सात जन्मांत जमायचं नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण भूक लागली होती.

पण त्या सतारीची जवारी नीट ऐकू येत नव्हती. तार छेडल्यावर वरच्या अंगाला जी झणक उठते ती कुणीतरी रुमालाने पुसल्यासारखी वाटत होती. त्याचं कारण मला ठाऊक होतं, आणि त्याचा व्हॉल्व्हशी काडीचाही संबंध नव्हता.

एफएमचं प्रक्षेपण करताना केंद्र वरचे स्वर मुद्दाम वाढवून पाठवतं. घरचा संच ते तेवढ्याच मापाने खाली आणतो, आणि त्याबरोबर वाटेतली खरखरही खाली येते. हे माप अमेरिकेत 75 मायक्रोसेकंदांचं आहे, भारतात आणि युरोपात 50चं. अमेरिकन संच आपल्याकडे लावला की तो वरचे स्वर गरजेपेक्षा जास्त कापतो; 10 किलोहर्ट्झपाशी ही जादा कात्री सुमारे 3 डेसिबलची असते. म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही डोळे मिटून जिचा आस्वाद घेत होतो ती ऊब म्हणजे दोन देशांच्या मानकांमधला 25 मायक्रोसेकंदांचा फरक होता. प्लास्टिकचा ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेतून आणला असता तर त्यानेही तीच ऊब दिली असती.

माझं भांडण त्या यजमानांशी नाही, माणूस सज्जन आहे. भांडण आहे ‘ऊब’ या शब्दाशी. जुन्या व्हॉल्व्ह संचांविषयी आज जे काही बोललं, लिहिलं आणि विकलं जातं ते या एका शब्दावर उभं आहे, आणि माझ्या मते हा शब्द ते संच घडवणाऱ्यांचा अपमान आहे. त्याने संचांचं नुकसानही होतं. ते कसं, हे मी स्वतःच्या हाताने केलेल्या एका पापावरून सांगू शकतो. पण आधी इतिहास.

या सगळ्या विद्येचं नाव हाय फिडेलिटी. फिडेलिटी म्हणजे निष्ठा, इमान. इमान कुणाशी? मूळ ध्वनीशी. 1935 साली न्यूयॉर्कमध्ये एडविन आर्मस्ट्राँगने रेडिओ अभियंत्यांच्या सभेत एफएम प्रथम जाहीरपणे ऐकवलं, तेव्हा केवळ गाणं-बजावणं ऐकवून तो थांबला नाही. यॉन्कर्सच्या केंद्रावर मायक्रोफोनपुढे पेल्यात पाणी ओतलं गेलं, कागद चुरगळला गेला. सभागृहात पाणी पाण्यासारखं वाजलं आणि कागद कागदासारखा. तोवरच्या रेडिओवर या दोन्ही आवाजांची ओळखही पटली नसती. याच एफएमपायी आर्मस्ट्राँग पुढे बलाढ्य कंपन्यांशी पेटंटचे खटले लढत राहिला. 1945 साली सरकारी आयोगाने एफएमचा पट्टाच वर सरकवला आणि लोकांच्या घरातले संच एका निर्णयाने निकामी झाले. 1954च्या जानेवारीअखेर आर्मस्ट्राँगने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराच्या खिडकीतून उडी घेतली. पाण्याचा आवाज पाण्यासारखा यावा म्हणून ज्याने आयुष्य घातलं त्याच्या विद्येवर चालणाऱ्या संचाचं कौतुक आपण ‘छान गुळगुळीत वाजतो’ म्हणून करायचं?

ॲम्प्लिफायरची कथाही अशीच आहे. 1927 साली हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत हॅरॉल्ड ब्लॅकला ऋण प्रतिभरणाची कल्पना सुचली आणि ती त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश उलटा करून परत आत घालायचा, म्हणजे यंत्राने आपल्या पदरचं जे मिसळलं असेल ते त्याचं त्यालाच खोडायला लागतं. 1947 साली इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसनने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एका ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. 15 वॉटला विकृती एक दशांश टक्क्याच्या आत, आणि तीही निव्वळ व्हॉल्व्हवर! जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बांधला. या माणसांना आपल्या यंत्राचा स्वतःचा म्हणून काही आवाजच नको होता. ऊब नको होती, गारवाही नको होता. मधलं यंत्र ऐकणाऱ्याला जाणवूच नये, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा.

या नियतकालिकाच्या वाचकांना हे लवकर पटावं. इथे निम्मे लोक एका भाषेतून दुसरीत काहीतरी नेत असतात. कानडीतली खरखरीत कादंबरी मराठीत आली आणि सगळे म्हणाले, ‘अनुवाद किती गोड झालाय’, तर खरा अनुवादक रात्री झोपणार नाही. साखर मूळची नव्हती, मग ती आली कुठून?

आणि हा केवळ उपमेचा संबंध नाही. ॲव्हरी फिशर मूळचा पुस्तकांची मांडणी करणारा. 1930च्या दशकात तो डॉड, मीड या न्यूयॉर्कच्या प्रकाशनसंस्थेत काम करत होता, हौस म्हणून व्हायोलिन वाजवायचा आणि स्वतःसाठी रेडिओ जुळवायचा. सॉल मॅरँट्झही छापील कामाचा आरेखक. हाय-फायच्या सुवर्णकाळातली ही दोन मोठी नावं अक्षरांच्या मांडणीतून आली, आणि मांडणी चांगली असेल तर वाचकाचं तिच्याकडे लक्ष जात नाही हा धडा त्यांनी तिथेच गिरवला असणार, असं मला वाटतं. तिसरा हर्मन स्कॉट, मॅसॅच्युसेट्सचा अभियंता. त्याचा पहिला गाजलेला शोध होता जुन्या तबकड्यांची खरखर कमी करणारं यंत्र. आज ज्या खरखरीच्या आठवणीने लोकांचे डोळे पाणावतात, ती घालवण्यातून त्याचा धंदा उभा राहिला.

रिसीव्हर नावाचा प्रकार कसा जन्मला तेही पाहा. 1958च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. 1 जून 1961पासून अमेरिकेत स्टिरिओ एफएम सुरू झालं. एकाच वाहक लहरीवर डाव्या-उजव्याची बेरीज आणि वजाबाकी पाठवायची आणि घरी दोन्ही पुन्हा वेगळी करायची, अशी ती युक्ती होती. मग ट्यूनर, ती बेरीज-वजाबाकी सोडवणारं मंडल, प्रीॲम्प आणि दोन ॲम्प्लिफायर हे सगळं एका चासीवर आलं. पुढच्या तीन-चार वर्षांत फिशर, स्कॉट आणि इतरांनी व्हॉल्व्हवरचे त्यांचे सर्वांत चांगले रिसीव्हर काढले. 1965च्या आसपास हीच मंडळी मागे न बघता ट्रान्झिस्टरकडे वळली. व्हॉल्व्ह ही त्यांची श्रद्धा नव्हती, हाताशी असलेलं उत्तम साधन होतं. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर संच कर्कश वाजत आणि पटकन जळत, हे खरं. व्हॉल्व्हची पुण्याई मोठी दिसते त्याचं एक कारण त्या पहिल्या ट्रान्झिस्टरांची बदनामी आहे.

ऊबवाद्यांचा शास्त्रीय वाटणारा युक्तिवाद असा: व्हॉल्व्ह सम पटीचे स्वर मिसळतो, दुसरा स्वर म्हणजे वरचा सप्तक, म्हणून कानाला गोड. ऐकायला छान आहे. पण फिशर 500-सी किंवा स्कॉट 340-बीच्या पोटात प्रत्येक बाजूला 7591 जातीचे दोन व्हॉल्व्ह पुश-पुल जोडणीत बसवलेले असतात. त्या जोडणीचा एक हेतूच असा, की दोघांचे सम पटीचे स्वर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारून टाकतात. म्हणजे ज्या गोडव्याची आरती चालली आहे तो काढून टाकण्यासाठीच तिथे दुसरा व्हॉल्व्ह लावला आहे! गिटारच्या ॲम्प्लिफायरची गोष्ट वेगळी. तिथे व्हॉल्व्ह मुद्दाम फाटेपर्यंत ताणतात, कारण तिथे ॲम्प्लिफायर हा वाद्याचाच भाग असतो. दिवाणखान्यातला संच वाद्य नव्हे.

व्हॉल्व्ह संच थोडा वेगळा वाजू शकतो, हे मी नाकारत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमुळे स्पीकरवरची त्याची पकड थोडी सैल असते, आणि ताण आला की तो हळूहळू वाकतो, एकदम तुटत नाही. पण हे फरक मोजता येतात, आणि मोजता येतात म्हणून नक्कलही करता येतात. 1985 साली बॉब कार्व्हरने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाचं आव्हान घेऊन आपला स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर काही दिवस बसून असा जुळवला, की संपादकांना तो त्यांच्या महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपासून वेगळा ओळखता येईना. काचेच्या आत आत्मा वगैरे काही नसतो. निर्वात पोकळी असते, तेवढी पुरे.

‘असेना का भ्रम, कुणाचं काय बिघडतं?’ असं कुणी म्हणेल. माझं बिघडलं.

माझे मामा 1960च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये शिकले आणि परत येताना स्कॉटचा रिसीव्हर घेऊन आले. तो मायनार्डचा, त्यांच्या वसतिगृहापासून फार लांबचा नव्हे. मामा गेल्यावर मामीने तो मला दिला. पुण्यात एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांना दाखवला. त्यांनी मागचं झाकण काढलं, मीटर लावला आणि म्हणाले, “साहेब, हे कपलिंग कंडेन्सर गळतायत. आधी हे बदलू, मगच सेट चालू करा.” मी तेव्हा ऊबवाद्यांचं बरंच वाचलं होतं. मूळ भाग काढले तर आवाजाचा आत्मा जातो, अशी माझी खात्री होती. म्हटलं, “नको काका, ओरिजिनल राहू दे.” त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि झाकण लावलं.

पाच-सहा महिने सेट ‘ओरिजिनल’ वाजला. आवाज जरा जाडसर झाला होता, तो मला अधिकच उबदार वाटला. गळका कंडेन्सर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो धन दाब चढवतो आणि व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर प्रवाह ओढू लागतो. एका रात्री उजवीकडच्या एका 7591ची प्लेट लालबुंद झालेली दिसली. मी बटण बंद करेपर्यंत डांबर जळल्याचा वास आला होता. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. व्हॉल्व्ह आजही रशियात आणि स्लोव्हाकियात नवे बनतात. मायनार्डमधला ट्रान्सफॉर्मर आता कुणी बनवत नाही. मामांनी जो सेट वर्षानुवर्षं सांभाळला तो मी श्रद्धेने जाळला. दोन कंडेन्सरची किंमत शंभर रुपयेही नव्हती.

याच श्रद्धेचं दुसरं टोक याहून वाईट आहे. अमुक जर्मन छापाच्या 12एएक्स7मध्ये खास माधुर्य असतं असा बोलबाला झाला, की लोक अख्खे चालू संच व्हॉल्व्हसाठी उपटतात. चार व्हॉल्व्ह विकले जातात, उरलेलं भंगारात. ट्यूनर, म्हणजे आर्मस्ट्राँगचा वारसा, या संचाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत देखणा भाग, त्याला तर कुणी विचारतच नाही. रिसीव्हर घ्यायचा आणि त्याला फोन जोडून गाणी वाजवायची!

मग या संचांत कौतुक कशाचं करायचं? माझं उत्तर साधं आहे: ते दुरुस्त होतात. चासी उलटी केली की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, बोटांना सापडतो. प्रत्येक व्हॉल्व्ह सॉकेटमधून हाताने निघतो. त्या काळी अमेरिकेत औषधांच्या दुकानातही व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र असे; गिऱ्हाईक घरून व्हॉल्व्ह खिशात घालून आणी, तपासून नवा घेऊन जाई. झिजणारे भाग बदलले जाणार, हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. न्यूयॉर्कच्या ज्या सभागृहाला 1973 साली फिशरचं नाव दिलं गेलं त्याचा आवाज खराब होता, म्हणून 1976 साली आतून ते सगळं पाडून नव्याने बांधलं. कुणी म्हटलं नाही की ‘ओरिजिनल राहू दे’. ऐकण्याच्या जागेशी इमान राखायचं तर तिथल्या आवाजाशी राखावं लागतं.

मामांचा ट्रान्सफॉर्मर काकांनीच शेवटी गुंडाळून दिला. मोजून, जुन्या तारेचे फेरे उलगडत, दोन महिने खपून. मूळच्या इतका तो चांगला नाही. त्यांनी पैसे घेतले, बोलले काहीच नाहीत.

बंगळूरच्या यजमानांकडे मी महिन्याभराने हत्यारं घेऊन गेलो. त्यांची परवानगी काढून कपलिंग कंडेन्सर बदलले आणि दोन्ही बाजूंचं ते 75चं माप 50वर आणलं. पुन्हा आकाशवाणी लावली. योगायोगाने पुन्हा सतारच होती. जवारी झणझणीत, बोटाचं तारेवर घासणंसुद्धा ऐकू येत होतं. यजमान बराच वेळ ऐकत राहिले. मग जरा हिरमुसून म्हणाले, “आता नुसती सतारच ऐकू येते हो.”

ॲव्हरी फिशरला याहून मोठी दाद मिळाली असेल असं मला वाटत नाही.