बीडचे शस्त्रपरवाने आणि न्यायाची रीत

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांतील मस्साजोग गांवचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजीं निर्घृण हत्या झाली आणि साऱ्या महाराष्ट्राची दृष्टि या जिल्ह्याकडे वळली. ती हत्या बंदुकीनें झालेली नव्हती. तथापि त्यानंतर पिस्तुलें मिरविणाऱ्या व हवेंत गोळ्या झाडणाऱ्या मंडळींचीं चित्रें घरोघर पाहावयास मिळालीं, आणि एकट्या बीड जिल्ह्यांत बाराशेंवर शस्त्रपरवाने दिले गेले आहेत ही गोष्ट लोकांच्या ध्यानांत आली. लोकक्षोभ झाला, व २०२५ च्या प्रारंभीं जिल्हा प्रशासनानें शंभरांवर परवाने रद्द केले. हें करणें अवश्य होतें, याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु अवश्य गोष्टही रीतीनें केली तरच टिकते. आणि परवाना काढून घेण्याची जशी रीत आहे तशीच तो देण्याचीही असली पाहिजे, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचें १७ वें कलम परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार देतें, पण तो अधिकार मोकाट नाहीं. धारक शस्त्र बाळगण्यास अपात्र ठरला, त्यानें महत्त्वाची माहिती दडवून परवाना मिळविला, परवान्याच्या शर्ती मोडल्या, किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांस्तव तसें करणें जरूर झालें, असे ठराविक प्रसंग कायद्यानें नेमून दिले आहेत. हुकूम लेखी पाहिजे, त्याचीं कारणें नमूद केलेलीं पाहिजेत, आणि धारकानें मागितल्यास, लोकहितास बाध येत नसेल तर, तीं थोडक्यांत त्यास कळविलीं पाहिजेत. १८ व्या कलमानें अपिलाची सोय केली आहे. तेथेंही समाधान न झाल्यास संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखालीं उच्च न्यायालयाचें दार ठोठावतां येतें. बीडकरांस त्यासाठीं छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जावें लागतें. बंदूक कोणास द्यावी हें तेथें न्यायाधीश स्वतः ठरवीत नाहींत. अधिकाऱ्यानें कायद्याच्या मर्यादेंत राहून आपली बुद्धि चालविली काय, कारणें दिलीं काय, ज्याचें नुकसान होणार त्याचें म्हणणें ऐकलें काय, हें ते मुख्यतः पाहतात.

गुंडांस कसली सुनावणी, असा प्रश्न कोणी संतापानें विचारील. १७ व्या कलमांत पूर्वसूचनेचे शब्द नाहींत हेंही तो दाखवील. परंतु १९७८ सालीं मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, कायदा या बाबतींत मुका असला तरी म्हणणें ऐकण्याचें कर्तव्य त्यांत गृहीतच आहे. तांतडी असेल तर आधीं कृति करून मागाहून सत्वर ऐकावें. म्हणजे प्रशासनाचे हात बांधलेले नाहींत. आज निलंबन, शस्त्र ठाण्यांत जमा, लगोलग नोटीस, आणि सुनावणीनंतर सकारण हुकूम, एवढीच ही रीत. ती चुकविली, एकाच छापाच्या कारणानें शंभर हुकूम निघाले, तर ते न्यायालयांत टिकणें कठीण. आणि मग ज्याच्या कमरेचें पिस्तूल उतरविलें तोच तें पूर्वीपेक्षां अधिक ऐटीनें मिरवीत गांवांत शिरतो. सुनावणी ही गुंडावर मेहेरबानी नव्हे. ती हुकुमाचा पाया आहे.

हुकूम कोणाच्या बुद्धीनें निघाला, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. अंधेरी येथें चित्रपटगृह बांधण्यास मुंबईच्या पोलिस आयुक्तांनीं १९४७ सालीं परवानगी दिली, आणि थोड्याच महिन्यांत, सरकारचा तसा आदेश आहे असें सांगून, ती रद्द झाल्याचें कळविलें. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, अधिकार आयुक्तांचा होता व तो त्यांनीं स्वतः चालविला नाहीं. जाहीर हुकुमाचा अर्थ त्याच्या शब्दांवरून लावावयाचा, मागाहून दिलेल्या खुलाशावरून नव्हे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांवर लोकमताचा किंवा पुढाऱ्यांचा कितीही भार पडो, निर्णय त्यांचा स्वतःचाच पाहिजे.

मोंढ्यांतील आमच्या व्यापारी वाचकांनीं हा प्रश्न बंदूकवाल्यांचा म्हणून सोडून देऊं नये. आडत, रास्त भावाचें दुकान, खतें व बियाणें यांची विक्री, हे सारे व्यवहार सरकारी परवान्यावरच चालतात. दुसऱ्याचा परवाना न ऐकतां गेला म्हणून आज आपण टाळ्या पिटल्या, तर उद्यां आपला गेल्यावर दाद कोणत्या तोंडानें मागावी?

आतां दुसरी बाजू. न्यायालयांत बहुधा जातो तो ज्याचा परवाना गेला अथवा नाकारला गेला तो. ज्यास अयोग्य परवाना मिळाला तो कशाला जाईल? आणि त्याच्या पिस्तुलास भिऊन ज्याचें तोंड बंद झालें, तो गरीब कोठें जाणार? जवळच्या पोलिस ठाण्याचा अहवाल मागवून लेखी हुकुमानें परवाना द्यावा वा नाकारावा, असें १३ वें कलम सांगतें. नाकारण्याचीं कारणें लिहावींत, असें १४ वें कलम सांगतें. देण्याचीं कारणें लिहिण्याविषयीं मात्र तसा स्पष्ट दंडक नाहीं. येथेंच पाणी मुरतें. त्यांत २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षांवर गेली, म्हणजे फेरतपासणीचा प्रसंगही लांबला.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक परवाना देतांना त्याचें कारण हुकुमांतच लिहावें. दिलेले, नूतन केलेले, नाकारलेले व रद्द केलेले परवाने किती, याचा तालुकावार आंकडा दरवर्षीं प्रसिद्ध करावा. आणि धारकावर गोळीबाराचा वा दहशतीचा गुन्हा नोंदला जातांच, नूतनीकरणाची वाट न पाहतां, पोलिसांनीं दंडाधिकाऱ्यांस कळवून चौकशी सुरू करावी. यांतील एकाही गोष्टीस खजिन्यांतून मोठी रक्कम काढावी लागत नाहीं.

मस्साजोगच्या शोकानें आलेली जागृति शंभर कागद फाडण्यांतच खर्ची पडूं नये. बाकीचा प्रत्येक परवाना कोणत्या कारणानें दिला, हें अधिकाऱ्यांस सांगतां आलें पाहिजे. आणि तें विचारण्याचा हक्क बीडच्या नागरिकांनीं बजावला पाहिजे.