भाताची वाटी आणि ट्यूनाचा डबा

मराठी घरात कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवण्याचा डबा. मूळ अर्थाने ते झाकणाचे खोलगट भांडे आणि त्याच भांड्यात भाजून वाढायचा पदार्थ. पाश्चात्त्य घरांत त्याचा एक ठरलेला प्रकार आहे: डब्यातला ट्यूना मासा, नूडल्स, थोड्या भाज्या, मैदा-दुधाचा दाट पांढरा सॉस आणि वर चीज. आता त्यातून नूडल्स आणि मैदा काढून फ्लॉवर आणि क्रीम घातले जाते. मग तो ‘लो-कार्ब’, म्हणजे कमी कर्बोदकांचा पदार्थ होतो आणि मधुमेहींच्या, वजन उतरवू पाहणाऱ्यांच्या मोबाइलवर फिरू लागतो.

मुळशी तालुक्यात या पदार्थाची गंमत कळते. हिंजवडी आणि माण याच तालुक्यात आहेत. तिथल्या उंच इमारतींत ट्यूनाचा डबा घरपोच येतो आणि ओटय़ावर ओव्हनही असतो. पौड ओलांडून ताम्हिणीच्या दिशेने निघाले की भातखाचरे लागतात. धरणात जाणाऱ्या जमिनी वाचवण्यासाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो हाच मुलूख. इथे घरचे तांदूळ वर्षभराचे भरून ठेवतात आणि पाहुणा आला की आंबेमोहराचा वास आधी पोहोचतो. रक्तातली साखर वाढलेली माणसे मात्र दोन्हीकडे आहेत, आणि दवाखान्यात दोघांनाही एकच वाक्य ऐकायला मिळते: ‘भात बंद करा.’ पहिला त्याऐवजी ट्यूना मागवतो. दुसरा मान हलवतो, घरी जातो आणि भात खातो. त्याने दुसरे काय खावे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

भात कमी करण्यामागचे कारण मात्र खरे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या आहारातल्या उष्मांकांपैकी साठ टक्क्यांहून अधिक कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांचा वाटा जेमतेम बारा टक्क्यांच्या आसपास राहतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवावा असे म्हटले. आपली ताटे त्यापासून फार दूर आहेत.

यात पुण्याचा एक धडा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून सुरू असलेल्या मातांच्या पोषणाच्या अभ्यासातही जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास भरणाऱ्या बाळांत हेच दिसले: हाडामांसाने बारीक, पण चरबी त्या मानाने टिकून. म्हणून ‘मी काही जाड नाही’ हे मुळशीतल्या सडपातळ माणसाचे उत्तर मधुमेहाच्या बाबतीत पुरेसे ठरत नाही. त्याच्या शरीराला स्नायू हवेत, आणि स्नायूंना प्रथिने हवीत. कमी कर्बोदकांच्या ताटाचा खरा अर्थ इथे आहे. भात काढून मोकळी राहिलेली जागा कशाने भरली, यावर सगळे अवलंबून आहे.

क्रीमने भरली तर फारसे साधत नाही. बाजारात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. चौघांच्या कॅसरोलमध्ये २०० मिलीची दोन पाकिटे गेली की १०० ग्रॅम चरबी, म्हणजे तिचेच ९०० उष्मांक. त्यातला मोठा भाग संपृक्त. कर्बोदके कमी झाली खरी, पण हृदयाचा हिशेब राहिलाच. डब्यातल्या ट्यूनाचे प्रथिन उत्तम, निथळलेल्या १०० ग्रॅममागे पंचवीस ग्रॅमच्या आसपास. पण त्यात मीठही असते, तेव्हा पाण्यातला ट्यूना घ्यावा आणि चाळणीत धुवून घ्यावा. ट्यूना कोकणाला परका नाही. तिथे त्याला कुपा किंवा गेदर म्हणतात. मात्र मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून गरोदर स्त्रियांनी मोठा ट्यूना वारंवार खाऊ नये. बांगडा आणि तारली पाऱ्यात कमी, ओमेगा-३ मध्ये सरस आणि खिशाला हलके. ताम्हिणी घाट उतरला की माणगाव, म्हणजे रायगडच. बांगडा मुळशीपासून काही फार लांब नाही.

आणि धरणातला मासा तर हाताशीच आहे. चिलापी आणि मरळ यांत काटे कमी, त्यामुळे या पदार्थाला तेच बरे. रोहू-कटला चालतात, पण त्यांचे बारीक काटे वेचायला संयम लागतो. चौघांसाठी चारशे ग्रॅम काटे काढलेला मासा घ्यावा. हळद-मीठ लावून आठ-दहा मिनिटे वाफवला की काटे सहज निघतात. अर्धा किलो फ्लॉवरचे तुरे वेगळे वाफवून चाळणीत पूर्ण निथळू द्यावेत. इथे घाई केली की सगळा पदार्थ पाणचट होतो, आणि बहुतेकांचा पहिला प्रयत्न इथेच फसतो. एक कांदा, एक ढोबळी मिरची, लसूण-आले दोन चमचे तेलावर परतावे, त्यात मूठभर पालक. पावसाळ्यात पालकाच्या जागी कोवळा कुर्डू किंवा टाकळा घातला तर उत्तमच.

दाटपणासाठी क्रीम नको, चक्का हवा. घरच्या दह्याचा तीन-चार तास टांगलेला चक्का दोनशे ग्रॅम, त्यात दोन अंडी आणि चमचाभर बेसन फेटावे. बेसन-अंड्यामुळे चक्का फाटत नाही. मिरपूड, थोडी कोथिंबीर, हवे तर किसलेले पनीर. सगळे एकत्र करून १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्याखाली तवा ठेवून, झाकण घालून मंद आचेवर तेवढाच वेळ. वरचा थर खरपूस होणार नाही, बाकी काही बिघडत नाही. मासे न खाणाऱ्या घरात पनीर आणि मोड आलेल्या मुगावर हेच जमते. मुगाची कर्बोदके तेवढी धरावी लागतात.

ढोबळ हिशेबाने एका वाढणीत साधारण पंचवीस ते तीस ग्रॅम प्रथिने आणि बारा-पंधरा ग्रॅम कर्बोदके येतात. दीडशे ग्रॅमच्या एका वाटी भातात चाळीसच्या वर कर्बोदके असतात, आणि मुळशीत एका वाटीवर कोण थांबते? म्हणून भात तोडण्याऐवजी हा पदार्थ आधी खाऊन मग अर्धी वाटी आंबेमोहर घेणे पुष्कळांना जमेल. भाजी आणि प्रथिने आधी, भात शेवटी, या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते, असे छोट्या चाचण्यांत दिसलेले आहे.

आता धोक्याचा भाग. तो मोबाइलवरच्या पाककृतीत लिहिलेला नसतो. मधुमेहाचा जो रुग्ण इन्सुलिन घेतो किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतो, त्याचा डोस तो रोज खात असलेल्या भातावर बेतलेला असतो. त्याने सोमवारी भात सोडला आणि गोळी तीच ठेवली, तर मंगळवारी शेतात किंवा दुचाकीवर त्याला दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे असंबद्ध होते. साखर ७० च्या खाली गेलेली असते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, साखर वर आली की थोडे खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. गोळीमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे बरे वाटले तरी दवाखाना गाठावाच.

दुसरा धोका कमी ओळखीचा. डॅपाग्लिफ्लोझिन आणि त्याच्या जातीच्या गोळ्या हल्ली स्वस्त झाल्या आहेत आणि पुष्कळ रुग्णांच्या चिठ्ठीत दिसतात. औषध चांगले आहे. पण ते चालू असताना कर्बोदके एकदम तोडली, उपवास केला किंवा उलट्या-जुलाबांत खाणे थांबले, तर रक्तात आम्ल साठू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप लागणे ही लक्षणे असतात आणि ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. त्यामुळे घरचे ‘ॲसिडिटी’ समजून एक दिवस घालवतात. तो दिवस महागात पडतो. हे औषध घेणाऱ्याने ताट बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने किती घ्यायची तेही विचारावे, आणि यूरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनी ट्यूना-तारलीला हात आखडता घ्यावा.

हा सल्ला सगळ्यांसाठी नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. याच तालुक्यात कातकरी वस्त्या आहेत. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या, वजन आधीच कमी असलेल्या स्त्रीला भात कमी कर म्हणणे हा वैद्यकीय सल्ला नव्हे, अज्ञान आहे. तिच्या ताटात भाताशेजारी मासा, अंडे, डाळ वाढायला हवी.

आणि इथे प्रश्न स्वयंपाकघराबाहेर जातो. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून मोफत. म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य, त्यातून सव्वाशेच्या वर ग्रॅम कर्बोदके. या धान्याने भूक थोपवली आहे, त्यावर टीका करण्याचे कारण नाही. पण त्या पाच किलोंत डाळ नाही आणि अंडेही नाही. एकीकडे रेशनच्या पिशवीत फक्त धान्य द्यायचे आणि दुसरीकडे आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर तपासून ‘भात कमी करा’ म्हणायचे, हा विसंगत कारभार आहे. डाळीची जोड कायमस्वरूपी द्यायला सरकारला अवघड जाऊ नये.

तोवर दवाखान्यांना बिनखर्चाचे एक काम करता येईल. केसपेपरवर रक्तदाब आणि वजन लिहिण्याची जागा असते, तशी आणखी दोन ओळींची सोय करावी: दोन्ही वेळच्या जेवणात भात किती वाट्या, आणि त्यासोबत काय. उत्तर लिहून घेतल्याशिवाय गोळीचा डोस ठरवू नये, आणि ताट बदलायला सांगितले असेल तर आठवड्याने साखर तपासायला बोलावल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नये. ताम्हिणीच्या बाजूने येणाऱ्याची त्या फेरीत दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ही तपासणी गावच्या उपकेंद्रातच व्हावी.