भिंत आणि हांक

लातुरास शिकवण्यांकरितां राहिलेला मुलगा संगणकावरून नांदेडच्या घरीं थेट बोलूं पाहतो आणि वसतिगृहाची ‘फायरवॉल’ आड येते. ती काढूनच टाका, असें कित्येक पालक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. अनाहूतास ही भिंत अडविते, तें योग्यच. परंतु २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘स्टन’ पद्धतीनें बाहेरचा सर्व्हर प्रत्येक संगणकास त्याचा बाह्य पत्ता सांगतो. पत्त्यांची अदलाबदल होतांच दोन्ही संगणक एकदम हांक मारितात, आणि प्रत्येक भिंत आलेली हांक उत्तर समजून आंत घेते. तेंहि न साधल्यास ‘टर्न’ सर्व्हर मध्यस्थ होतो. परीक्षेच्या दिवसांत आईचा आवाज (आम्ही अनुभवानें सांगतों) औषधासारखा लागू पडतो. तेव्हां चालकांनीं बाहेर जाणारें ३४७८ क्रमांकाचें द्वार तेवढें उघडावें. निदान रात्रीं जेवणानंतर तासभर तरी.